पंखा कुठल्या बाजूला ओढतो

आमच्या गॅरेजात शेवटचा हात दादाचा. नट-बोल्ट कोणीही फिरवावेत, पण गाडी गिऱ्हाइकाच्या ताब्यात द्यायच्या आधी दादा पुढे येणार, बाह्या सारणार, बॉनेटखाली तळवा टेकवून क्षणभर डोळे मिटणार आणि मान हलवणार. त्याची मान हलल्याशिवाय गेलेली गाडी चार दिवसांत परत येते, असा गिऱ्हाइकांचा पक्का समज होता आणि तो खोडून काढण्यात आमचा काही फायदा नव्हता. लोक त्याला वैद्य म्हणायचे. नुसत्या स्पर्शानं त्यानं पिचलेली बेअरिंगं ओळखली आहेत, तुंबलेले रेडिएटर ओळखले आहेत, आणि एकदा तर गाडीत बसलेल्या माणसाला ताप आहे हेही ओळखलं होतं.

मी त्याची धाकटी बहीण. वायरिंगचं माझ्याकडे. कोणी शिकवलं नाही. जळक्या तारा उलगडत, फ्यूज उडवत, एकदा स्वतःची भुवई जाळून घेत शिकले. चाळिशी उलटून आठ वर्षं झाली तरी दादाच्या तोंडी मी अजून "छोटे"च. माझ्या मीटरला तो खेळणं म्हणतो. लांबून उष्णता मोजायचं एक यंत्र मी हौसेनं घेतलं, ते दिसतं बंदुकीसारखं. त्याचं नाव त्यानं पिस्तूल ठेवलं. "गाडी पळून चालली तर गोळी घाल," म्हणाला.

त्या उन्हाळ्याच्या सुरुवातीला वहिनी गॅरेजात आली. एरवी ती येत नाही, तिला तेलाचा वास सोसत नाही. दादा मागं टायर बदलत होता. ती माझ्या टेबलाशी स्टूल ओढून बसली.

"वन्सं, एक विचारते, खरं सांगाल?"

"काय विचारतेस त्याच्यावर आहे."

"परवा यांनी उकळतं दुधाचं पातेलं तसंच उतरवलं. फडकं न घेता. ओट्यावर ठेवलं आणि वर मला विचारतात, साखर कुठंय. बोटांना फोड आले तर म्हणतात, मेकॅनिकची कातडी आहे, तिला काय होतंय. आधीच रक्तातली साखर तिप्पट, डॉक्टर ओरडून ओरडून दमले." तिनं आवाज खाली आणला. "दिवसभर तुम्ही त्यांच्याबरोबर असता. हाताचं काही वेगळं दिसलं तर मला सांगा. मी त्याच दिवशी शटरला कुलूप लावीन. राग येईल, येऊ दे. लोकांचे जीव असतात त्या गाड्यांत."

"सांगते," मी म्हटलं.

आणि सांगितलं नाही. दिसलं नव्हतं असं नाही, दिसलं होतं. वायसर त्याच्या बोटांतून गळायचे आणि त्याला ते जमिनीवर वाजल्यावर कळायचं. नट बसवताना तो पूर्वी आढ्याकडे बघत गप्पा मारायचा, आता नटाकडे टक लावून बघायचा. पाइप गरम आहे का हे तो कोपराच्या आतल्या बाजूनं बघायला लागला होता, तान्ह्या बाळाच्या आंघोळीचं पाणी बघावं तसा. मी विचारलं तर म्हणाला, हात तेलकट आहेत. चौतीस वर्षं त्याचे हात तेलकटच होते.

मी गप्प राहिले, कारण त्या हातांशिवाय दादाकडे होतं काय? शाळेनं त्याला सोडलं की त्यानं शाळेला, यावर घरात आजही दोन मतं आहेत. भाषण करता येत नाही, हिशेब मी बघते, मुलीच्या लग्नातही तो पाहुण्यांत कमी आणि पार्किंगमध्ये जास्त होता. गॅरेजला कुलूप लागलं तर माझंही काम जाणार, हे होतंच. पण ते कारण मी स्वतःला दुसऱ्या नंबरावर सांगायचे.

दातांच्या डॉक्टरांची गाडी आली ती यानंतर पंधरा दिवसांनी.

गाडी म्हणजे बुटकी, दोन दारांची, तीसेक वर्षांपूर्वीची स्पोर्ट्स कार. रंग उतरत्या वयाच्या पोपटाचा. आत बसायचं म्हणजे आधी बूड टाकायचं, मग पाय गोळा करायचे आणि मग उठायचा विचार सोडून द्यायचा. डॉक्टरांचा दवाखाना गुरुवारी बंद, त्या दिवशी ते ही गाडी काढायचे. माणूस साठीतला, सडपातळ, कपड्यांना इस्त्री आणि बोलण्याला धार.

"वैद्यराज, सिग्नलला उभं राहिलं की काटा चढतो. चालायला लागलं की उतरतो. माझ्यासारखंच आहे, उभं राहवत नाही."

हे सोपं दुखणं होतं. गाडी पळते तेव्हा समोरचा वारा रेडिएटरमधून आत येतो आणि पाणी थंड होतं. उभी राहिली की वारा नाही, तेव्हा रेडिएटरच्या मागचा पंखा सुरू होऊन वारा आत ओढतो. उभ्यानं तापते म्हणजे पंखा मेला. मी फ्यूज बघितला, रिले बघितला, पाणी तापलं की पंखा सुरू करणारा स्विच बघितला. सगळं ठीक. पंख्याला थेट बॅटरीवरून वीज दिली, तर तो नुसता कण्हला. मोटर गेली होती.

तसली मोटर आता कुठं मिळायला. भंगारवाल्याकडून दुसऱ्या गाडीची, त्याच मापाची आणली. तिच्या दोन्ही तारा काळ्या. कुठली अधिक, कुठली उणे, काही खूण नाही. उलट्या जोडल्या तर पंखा उलटा फिरणार, वारा आत ओढायच्या ऐवजी बाहेर ढकलणार. यासाठी आमची जुनी रीत होती. मी तारा नुसत्या पिळून जोडायच्या आणि आत जाऊन किल्ली फिरवायची. दादानं पुढे जाळीसमोर तळवा धरायचा. वारा तळव्याला खेचतो की तळव्यावर येतो, तो सांगणार. बरोबर म्हणाला की मी कथिलाचा डाग देऊन पट्टी गुंडाळायची, उलटं म्हणाला की अदलाबदल. रीत मोडायचं कारण कधी पडलं नव्हतं. खरं तर जाळीसमोर कागदाचा कपटा धरला तरी काम होतं. पण कागद ही माझी पद्धत, आणि डॉक्टर समोर उभे होते.

"दाखवा तुमची जादू," डॉक्टर म्हणाले.

मी आत बसून किल्ली फिरवली. पंखा घरघरला. काचेतून दादा दिसत होता. तळवा पुढे, डोळे मिटलेले. नेहमीपेक्षा जरा जास्तच वेळ मिटलेले.

"ओढतोय," तो म्हणाला. "बरोबर आहे. कर पक्कं."

मी खाली उतरले आणि पक्कं केलं. कपटा माझ्या खिशातच होता. बिलाची मागची बाजू.

पुढच्या गुरुवारी डॉक्टर परत आले. आता तक्रार उलटी होती. "सिग्नलला बरी असते. चालायला लागलं की तापते. वैद्यराज, दुखणं बरं करा म्हटलं होतं, बदलून द्या म्हटलं नव्हतं."

गॅरेजच्या अंगणात आम्ही गाडी पाऊण तास चालू ठेवली. काटा मध्याच्या जरा वर जाऊन थांबला. उकळी नाही, काही नाही. एकच गोष्ट मला खटकली, पंखा एकदा सुरू झाला तो बंद व्हायचं नाव घेईना. म्हणजे काम करत होता, पण कामाचा उरक नव्हता.

दादा पुढे झाला. रेडिएटरला दोन जाड रबरी पाइप असतात. इंजिनातलं तापलेलं पाणी वरच्यातून येतं, निवून खालच्यातून परत जातं. दादानं वरच्या पाइपवर हात ठेवला आणि डॉक्टरांना न्हाव्याचा विनोद सांगायला सुरुवात केली. न्हावी, त्याची सासू आणि आरसा. मग खालच्या पाइपला हात लावला. "वरचा गरम, खालचा गार. पाणी फिरतच नाहीये. थर्मोस्टॅट अडकलाय."

थर्मोस्टॅट म्हणजे पाण्याच्या वाटेवरचं एक लहानसं दार, पाणी तापलं की आपोआप उघडणारं. दार अडकलं तर खालचा पाइप गार राहतो, हे दादाचं बरोबर होतं. पण मी मागून पिस्तूल रोखून बघितलं होतं. खालचा पाइप गार नव्हता. यंत्र सत्तर अंश दाखवत होतं. सत्तरला हात लावला तर माणूस आईला हाक मारतो.

मी तोंड उघडलं. दादानं माझ्या हातातल्या यंत्राकडे बघितलं.

"ठेव ते पिस्तूल," तो म्हणाला. डॉक्टर हसले. मीही हसले, आणि ठेवलं.

थर्मोस्टॅट बदलला. डॉक्टरांनी गुरुवारची वाट न बघता गाडी बाहेर काढली आणि दोन दिवसांनी त्यांचा फोन आला. "ताई, तुमचा पेशंट रस्त्यात बसलाय. तोंडातून वाफ येतेय."

गाडी ओढून आणली. दादा तिच्याभोवती तीन फेऱ्या मारून म्हणाला, "हेड गॅस्केट गेली. उद्या हेड उतरवतो." म्हणजे इंजिनाचं डोकं काढून त्याच्याखालचं पॅकिंग बदलायचं. एवढ्या जुन्या इंजिनाचं डोकं एकदा काढलं की ते पूर्वीसारखं बसेलच याची हमी कोणी देत नाही. डॉक्टरांनी टपावर असा हात फिरवला, जसा ऑपरेशनला नेताना माणसाच्या कपाळावरून फिरवतात.

"दादा, हेड काढायच्या आधी मी एकदा गाडीतून फिरून येते. मीटर लावून."

"फिर की. हवा खा. हेड काय पळून जात नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही निघालो. डॉक्टर चालवत होते, मी शेजारी. वरच्या पाइपला मी मोजणीची तार बांधून ती खिडकीतून आत घेतली होती आणि मांडीवर मीटर. पेट्रोल पंपाजवळ थांबलो, आकडा ठीक. नव्या पुलाच्या रस्त्याला लागलो, वेग धरला, आणि आकडा चढायला लागला. नव्वद. पंचाण्णव. शंभर. वारा चेहऱ्याला लागत होता, रेडिएटरलाही लागत असणार, आणि तरी पाणी तापत होतं. वारा असताना तापणारी गाडी मी पाहिली नव्हती.

"थांबू?" डॉक्टरांनी विचारलं.

"नका. असेच चला."

पायाशी फ्यूजची पेटी होती. मला नक्की काय सुचलं सांगता येत नाही. मन बहुतेक आधीपासूनच तिथे जाऊन बसलं होतं, मी उशिरा पोचले. मी वाकून पंख्याचा फ्यूज काढला. पंखा बंद.

एकशे दोन. एकशे दोन. शंभर. सत्त्याण्णव. ब्याण्णव.

पंखा बंद केल्यावर गाडी थंड व्हायला लागली होती.

मी डॉक्टरांना बाजूला घ्यायला सांगितलं. बसले होते तिथेच फ्यूज तळहातावर घेऊन बसले. समोरून वारा आत शिरतोय, मागून पंखा वारा बाहेर ढकलतोय. एका दारातून एक आत येऊ बघतोय, एक बाहेर, आणि दोघंही उंबऱ्यावर अडून. गाडी उभी असताना उलटा पंखासुद्धा थोडाफार वारा हलवतो, म्हणून अंगणात भागलं. रस्त्यावर दोघांची झुंज लागली आणि मधल्यामध्ये पाणी उकळलं.

"पंखा उलटा फिरतोय," मी म्हणाले. "माझं चुकलं. तारा मी जोडल्या."

डॉक्टरांनी इंजिन बंद केलं. शेजारून एक ट्रक गेला, गाडी हलली.

"जोडल्या तुम्ही. पण हात कोणी धरला होता? मी तिथे होतो, ताई."

मी फ्यूज खिशात टाकला.

"दात काढायच्या आधी आम्ही हिरडी बधिर करतो," ते म्हणाले. "मग पेशंटला सांगतो, दोन तास काही खाऊ नका. सगळ्यांना वाटतं, जखमेसाठी. तसं नसतं. बधिर तोंडानं माणूस स्वतःचा ओठ चावतो आणि त्याला वाटतं, घास चावतोय. आरशात रक्त दिसलं की कळतं." त्यांनी चष्मा पुसला. "मागच्या खेपेला वैद्यराजांनी त्या वरच्या पाइपवर हात ठेवून न्हाव्याचा विनोद सांगितला. अख्खा. तो विनोद लांब आहे. ते वळल्यावर मी त्याच पाइपला बोट लावून बघितलं. एक मोजून होईपर्यंतसुद्धा धरवलं नाही."

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

"तुम्ही का नाही बोललात?"

विचारण्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं, भांडता आलं असतं.

परत आलो तेव्हा दादानं हेड उतरवायची हत्यारं फडक्यावर ओळीनं मांडली होती. लहान ते मोठं, सगळ्यांच्या मुठी त्याच्याकडे.

"कशी होती हवा?" तो म्हणाला.

डॉक्टर म्हणाले, "मी जरा चहा घेऊन येतो," आणि निघून गेले. त्यांना चहा चालत नाही, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

मी फ्यूज परत बसवला, पंखा थेट सुरू केला आणि गाडीच्या पुढे गेले. खिशातून बिलाचा कागद काढून जाळीसमोर धरला. पंखा वारा ओढत असता तर कागद जाळीला चिकटून बसला असता. कागद फडफडला, माझ्या बोटांतून सुटला आणि दादाच्या चपलेवर जाऊन पडला.

"कागदाला काय कळ..." दादा म्हणाला आणि तिथेच थांबला.

मी पंखा बंद केला.

"कधीपासून?" मी विचारलं.

त्यानं कागद उचलायचा प्रयत्न केला. पातळ कागद, गुळगुळीत फरशी. दोनदा बोटं घसरली. तिसऱ्यांदा त्यानं तो चपलेनं सरकवून हत्यारांच्या फडक्यावर घेतला आणि तिथून उचलला. एवढी युक्ती इतक्या सहज केली, म्हणजे ती रोजची होती.

"आधी मुंग्या यायच्या," तो म्हणाला. "दोन वर्षं झाली असतील. मग मुंग्यासुद्धा गेल्या. मुंग्या होत्या तेव्हा बरं होतं गं, काहीतरी होतं."

"आणि त्या दिवशी ओढतोय म्हणालास ते?"

"वाटलं ओढतोय." मग म्हणाला, "वाटलं नाही. काहीच वाटलं नाही. पण डॉक्टर बघत होते, तू आत वाट बघत होतीस. दोनातलं एक सांगायचं होतं. निम्मी शक्यता बरोबर यायची."

"मला सांगायचंस."

"तुला माहीत नव्हतं?"

मी खोटं बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं.

"मी बघून करतो हल्ली," तो घाईनं म्हणाला. "नट डोळ्यांनी बघतो. गरम-गार कोपरानं कळतं. वासावरूनही कळतं. छोटे, काम अडत नाही. हा पंखा एक झाला, मान्य. पंख्यानं कोणी मरत नाही."

"ब्रेक?"

त्यानं फडक्यावरचा एक पाना सरळ केला.

"दादा, ब्रेकचे बोल्ट किती आवळले गेले, ते तुला कसं कळतं?"

"खांद्यानं. जोर खांद्यातून येतो, बोटांतून नाही."

"खांद्याला कळतं?"

"कळतं." मग हत्यारांकडे बघत म्हणाला, "बहुतेक वेळा कळतं."

एवढंच ऐकून मी टेबलाशी गेले आणि वही काढली. "चाकांना, ब्रेकना तू हात लावलेल्या गाड्या सांग. आठवतात तेवढ्या."

"तिला सांगणार तू." तिला म्हणजे वहिनीला.

"सांगणार."

"कुलूप लावील ती."

"लावू दे. आधी गाड्या."

मला वाटलं होतं तो चिडेल, एखादा पाना भिरकावेल. पूर्वी भिरकावायचा. तो उलटा केलेल्या डब्यावर बसला, डोळे मिटले आणि एकेक गाडी सांगत गेला. कोणाची, कुठलं चाक, कुठला बोल्ट. दोन महिन्यांतल्या नऊ निघाल्या. त्याच्या मागच्या मला लिहायचा धीर झाला नाही. त्या दुसऱ्या पानावर घेऊ म्हटलं. तो सांगत होता आणि मला दिसत होतं, बोटांतलं गेलं होतं ते सगळं याच्या डोक्यात शाबूत होतं. कुठल्या बोल्टचे आटे झिजलेत, कुठल्या गाडीला डावा ब्रेक आधी लागतो, सगळं.

पहिला फोन मी व्हॅनवाल्याला केला, तपासणी फुकट आहे म्हणून बोलावलं, आणि दुपारी त्याची गाडी आली. तो डायलिसिसच्या पेशंटांना घरून हॉस्पिटलात नेतो आणि परत सोडतो. आठवड्यातून तीनदा, चार माणसं, सगळी सत्तरीच्या पुढची. धिप्पाड, बोलका, कायम घाईत.

"काय वैद्य, फुकट तपासणी? तब्येत बरी आहे ना तुमची? लवकर करा, चारला माझी म्हातारी मंडळी सुटतात. पाच मिनिटं उशीर झाला तर माझं डायलिसिस करतात."

मी व्हॅन उचलली, पुढची चाकं काढली. आमच्याकडे एक पाना आहे, त्यावर हवा तेवढा जोर आधी ठरवून ठेवता येतो. तेवढा जोर पडला की तो टक् करून वाजतो. तीन वर्षांपूर्वी मीच आणला होता. त्याच्या पेटीवरचं प्लास्टिकसुद्धा निघालं नव्हतं. मी ते फाडलं.

दादा शेजारी उकिडवा बसून टॉर्च धरून होता, दोन्ही हातांनी. डाव्या चाकाच्या ब्रेकचा वरचा बोल्ट, टक्. खालचा, टक्. माझ्या जिवात जीव आला. वाटलं, दादाचा खांदा खरं बोलत होता. उजव्या चाकाचा वरचा, टक्. खालच्याला पाना लावला आणि तो फिरला. पाव फेरा. अर्धा. फिरतच राहिला. मग टक्.

"किती?" दादानं विचारलं. त्याच्या बाजूनं त्याला दिसलं नव्हतं.

सकाळी डॉक्टरांसमोर मी त्याच्यासाठी खोटं बोलले होते. पटकन, न मागता. आताही "पाव" म्हणता आलं असतं. पाव म्हणजे काही नाही, कोणाचाही राहतो.

"एक फेरा," मी म्हणाले. "थोडा जास्तच."

टॉर्चचा उजेड चाकावरून खाली आला आणि जमिनीवर थांबला.

मी चाकं बसवली, व्हॅन खाली घेतली. व्हॅनवाला किल्ली खुळखुळवत आला.

"झालं? ताईंनी केलं का सगळं? वा. पण राग नका मानू ताई, वैद्य, तुम्ही एकदा आवळा बघू तुमच्या हातानं. मग मी निश्चिंत जातो. म्हातारी मंडळी बसतात आत."

दादा उठला. गुडघे धरून, सावकाश. मला वाटलं, आता हा पाना घेईल, एक हिसडा देईल, आणि व्हॅनवाला खूश होऊन जाईल. बोल्ट मी नीट बसवला होता, दादाच्या हिसड्यानं काही बिघडणार नव्हतं. कोणालाच काही कळलं नसतं. मीही अडवलं नसतं, हे मला तेव्हा कळलं आणि त्याची लाज अजून गेलेली नाही.

"माझ्या हाताला कळत नाही आता," दादा म्हणाला. "तिनं बसवलंय तेच धर."

व्हॅनवाला हसला. "काय वैद्य. म्हणजे आता माशानं म्हणायचं, मला पोहता येत नाही."

"ब्रेकचा बोल्ट सैल होता. उजव्या चाकाचा. मीच बसवला होता, मागच्या महिन्यात. हात बधिर झालेत माझे. तुझी चार माणसं घेऊन तू त्याच्यावर महिनाभर फिरलास."

व्हॅनवाल्याच्या चेहऱ्यावर ते हसू थोडा वेळ तसंच राहिलं, काढून घ्यायला विसरल्यासारखं. त्यानं माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली नाही, एवढंच जमलं. मग तो खाली बसला, उजव्या चाकाकडे बघत राहिला. त्याला तिथे काय दिसणार होतं? चाक होतं.

"घाटातून नेतो मी त्यांना," तो म्हणाला. ओरडला नाही. "तुम्हाला माहितीये, घाटातून."

"माहितीये," दादा म्हणाला.

"आणि तुम्हाला?" हे मला.

"मला संशय होता," मी म्हणाले.

तो आणखी काही विचारेल म्हणून आम्ही दोघं उभे होतो. तो व्हॅनमध्ये चढला, दार लावलं, अंगणातल्या अंगणात दोनदा पुढे जाऊन करकचून ब्रेक लावून बघितला. मग फाटकातून बाहेर पडला. हात केला नाही. हा माणूस रस्त्यातल्या कुत्र्यालाही हात करतो.

डॉक्टर कधीतरी चहा न पिता परत आले होते आणि आपल्या गाडीपाशी उभे होते. मी पंख्याच्या तारांची पट्टी सोडली, डाग उकलला आणि तारांची अदलाबदल केली. काम दहा मिनिटांचं. या वेळी कागद जाळीला जाऊन चिकटला. डॉक्टरांनी तो स्वतः काढून घडी करून मला परत दिला. जाताना ते दादासमोर थांबले, त्याचा उजवा हात आपल्या हातात घेतला, उलटा केला आणि तळव्यावरचे फोड बघितले. जुने, नवे, काही फुटलेले.

"यावर औषध लावा," ते म्हणाले. "दुखत नाही म्हणून सोडू नका."

"बरं," दादा म्हणाला, शाळेतल्या मुलासारखा.

ते गेले. मी वही उघडली. व्हॅनवर काट मारली, खाली आठ उरल्या. दुसरी गाडी एका विधवा बाईंची होती, रोज मुलाला घेऊन शहराबाहेर कामाला जाणाऱ्या. मी नंबर लावला.

"दे इकडे," दादा म्हणाला. "मी बोलतो."

मी फोन त्याला दिला. पलीकडे घंटी वाजत होती. त्यानं फोन दोन्ही हातांत घेतला आणि कानाला लावायच्या आधी खाली बघितलं, आपण तो खरंच धरलाय ना, हे बघायला.